नवी गाडी रुळते कशी?

दसऱ्याला किंवा पाडव्याला शोरूममधून नवी गाडी बाहेर पडते, तेव्हा हार आणि पेढ्यांच्या पुड्याबरोबर मालकाला एक सल्लाही मिळतो. "पहिले हजार किलोमीटर जरा सांभाळून, ऐंशीच्या वर नेऊ नका." मालक तो मनापासून पाळतो. रविवारी सकाळी घरच्यांना घेऊन मोकळ्या हमरस्त्याला लागतो, टॉप गिअर टाकतो आणि काटा साठवर स्थिर ठेवून दोनशे किलोमीटर जाऊन येतो. रेस नाही, घाई नाही. गाडीला याहून जपायचं ते आणखी कसं?

त्याच गाडीच्या ग्लव्ह बॉक्समध्ये एक जाडजूड पुस्तिका पडलेली असते. बहुतेक मालक ती उघडत नाहीत. तिच्यात नवी गाडी रुळवण्याविषयी जे मोजकं लिहिलेलं असतं, त्यात एक सूचना हमखास सापडते: फार वेळ एकाच वेगाने चालवू नका. वेग कमी असला तरीही नको. जोरात हाणू नका हे कुणालाही पटतं. पण एका संथ लयीत चालवण्याने नव्या इंजिनाचं काय बिघडतं?

मुद्दाम ठेवलेला खरखरीतपणा

याचं उत्तर सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर आहे. सिलिंडर म्हणजे धातूची पोकळ नळी, आणि तिच्यात वर-खाली होणारा दट्ट्या म्हणजे पिस्टन. इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल, तर पिस्टन सेकंदाला ५० वेळा वर जातो आणि ५० वेळा खाली येतो. तो भिंतीला घट्ट बसवला तर तापून फुगल्यावर अडकेल, म्हणून थोडी फट ठेवावी लागते. ती फट बुजवण्याचं काम पिस्टनभोवतीच्या खाचांत बसवलेल्या बारीक रिंगा करतात. साधारणपणे त्या तीन असतात. वरच्या दोन रिंगा जळत्या वायूचा दाब खाली निसटू देत नाहीत. तिसरी रिंग भिंतीवरचं जादा ऑईल निपटून खाली पाठवते.

नवी भिंत बोटाला गुळगुळीत लागते. भिंगाखाली मात्र तिच्यावर तिरक्या, एकमेकींना छेदणाऱ्या रेघांची जाळी दिसते. कारखान्यात सिलिंडरला शेवटचा हात फिरवताना घासणारे दगड लावलेलं हत्यार आत गोल फिरवत वर-खाली नेतात. या कामाला होनिंग म्हणतात. त्यातून उमटलेल्या रेघा काही मायक्रॉन खोल असतात; माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो, म्हणजे त्याच्या जाडीच्या मानाने ही खोली अगदीच नगण्य. पण ऑईल धरून ठेवायला तेवढी पुरते. भिंत आरशासारखी गुळगुळीत केली असती, तर तिच्यावर ऑईल टिकलंच नसतं.

पाट्याला टाकी लावून घेतलेल्या घरात हे चटकन समजेल. टाकीच्या घावांनी पाटा खरखरीत होतो म्हणून तर वाटण होतं. पण पहिलं वाटण कुणी खात नाही, त्यात दगडाची कच येते. दोन-चार वाटणांनंतर घावांच्या वरच्या धारदार कडा झिजतात, खळगे तेवढे राहतात आणि पाटा कामाला येतो. सिलिंडरमध्ये पहिल्या काही शे किलोमीटरांत हेच घडतं. रेघांची टोकं रिंगांच्या घर्षणाने झिजतात, रिंगाही भिंतीच्या घडणीप्रमाणे किंचित झिजतात आणि दोघींची एकमेकींशी बैठक जमते. खोल रेघा शाबूत राहतात आणि पुढची कित्येक वर्षं ऑईल साठवतात.

ही बैठक जमायला रिंग भिंतीवर पुरेशी दाबली जावी लागते. रिंगेला स्वतःचा थोडा ताण असतो, पण खरा जोर येतो तो वर जळणाऱ्या वायूचा. हा वायू वरच्या रिंगेच्या मागच्या खाचेत शिरतो आणि तिला बाहेर, भिंतीकडे रेटतो. अॅक्सिलरेटर जितका दाबला, तितका दाब जास्त. सपाट रस्त्यावर साठच्या स्थिर वेगाने जाणारं इंजिन जेमतेम काम करत असतं. दाब कमी, म्हणून रिंग भिंतीवर नीट बसत नाही. ती नुसतीच ऑईलच्या थरावरून घसरत राहते. असं फार दिवस चाललं तर रेघांत ऑईलचा चिकट, चकचकीत लेप बसतो आणि भिंत गुळगुळीत होते. मेकॅनिक याला सिलिंडर 'ग्लेझ' झाला म्हणतात. मग गाडी ऑईल पिते, सायलेन्सरमधून निळसर धूर निघतो.

दुसऱ्या टोकाला धोका वेगळा असतो. ही बैठक जमलेली नसताना इंजिन पूर्ण ताकदीने दामटलं, तर घर्षण आणि उष्णता एवढी वाढते की काही ठिकाणी ऑईलचा थर तुटतो, धातू धातूला घासतो आणि भिंतीवर ओरखडे उठतात. ते पुन्हा भरून येत नाहीत.

म्हणून मधला मार्ग चढउताराचा. मध्यम जोर लावून वेग वाढवायचा, मग अॅक्सिलरेटर सोडून गाडी गिअरमध्येच मंदावू द्यायची, पुन्हा वाढवायचा. जोर लावला की रिंग भिंतीवर दाबली जाते. सोडला की तिला उसंत मिळते, भिंत थोडी निवते आणि ऑईल झिजलेले कण घेऊन खाली उतरतं. काही कंपन्या पहिल्या हजार किलोमीटरांत इंजिन २००० ते ४००० फेऱ्यांमध्ये ठेवायला सांगतात. चौथ्या-पाचव्या गिअरमध्ये गाडी रखडत, धडधडत ओढणंही तितकंच वाईट. तिथे फेरे कमी आणि ताण जास्त असतो. रोज शहरात चढ, सिग्नल, उड्डाणपूल पार करत कामावर जाणाऱ्या माणसाची गाडी त्याच्या नकळत चांगली रुळते. समृद्धी महामार्गावर क्रूझ कंट्रोल लावून चालवलेल्या नव्या गाडीला मात्र हा चढउतार मिळत नाही.

आजची इंजिनं पूर्वीपेक्षा कितीतरी काटेकोर घडवलेली असतात, हे खरं. कुर्ल्याच्या कारखान्यात प्रीमियर पद्मिनी बनत होती, त्या काळात नव्या गाडीच्या मागच्या काचेवर 'रनिंग इन' अशी पाटी लावलेली दिसे. मागच्याने हॉर्न न वाजवता पुढे जावं, एवढाच तिचा अर्थ. आता ती पाटी गेली. यंत्रांची अचूकता वाढली, होनिंगनंतर रेघांची टोकं कारखान्यातच बरीचशी झिजवली जातात आणि ऑईलही सुधारलं. काम कमी झालं, पण संपलेलं नाही. पुस्तिकेतली ती सूचना आजही छापली जाते ती यासाठीच.

बटण दाबल्यानंतर

जुन्या जीपला हँडल मारलेली माणसं अजून गावोगाव भेटतील. इंजिनाने उलटा झटका दिला तर मनगट मोडायचं. चार्ल्स केटरिंग यांनी बनवलेला विजेवरचा स्टार्टर १९१२च्या कॅडिलॅक गाड्यांत आला, तेव्हापासून हे दुखणं हळूहळू सरलं. नंतर चोक ओढायची पिढी आली. थंड इंजिनात पेट्रोलची नीट वाफ होत नाही, म्हणून हवा कमी करून पेट्रोलचं प्रमाण वाढवणारी ती खुंटी असे. आता ते काम संगणक करतो. इंजिनाचं तापमान किती, बाहेरची हवा कशी, हे संवेदकांकडून घेऊन तो पेट्रोलची फवारणी ठरवतो.

त्यामुळे सुरू करताना अॅक्सिलरेटरला पाय लावायचं काहीच कारण उरलेलं नाही. आधी इग्निशन चालू करून दोन-तीन सेकंद थांबावं. डॅशबोर्डवरचे दिवे एकदम लागतात आणि एकेक करून विझतात, ती गाडीने स्वतःची केलेली तपासणी असते; मागून येणारी बारीक गुणगुण पेट्रोलच्या पंपाची. मग क्लच किंवा ब्रेक दाबून सेल मारावा. ऑईलच्या दाबाचा लाल दिवा इंजिन सुरू होताच काही क्षणांत विझायला हवा. तो विझला नाही, तर इंजिन तिथेच बंद करून शोरूमला फोन लावावा.

रात्रभर उभ्या गाडीतलं बरंचसं ऑईल तळाच्या टाकीत उतरलेलं असतं. पंप ते काही सेकंदांत वर पोहोचवतो. त्यामुळे अर्धा मिनिट थांबून निघालं तरी चालतं. दहा मिनिटं उभ्या उभ्या गरम करत बसण्याची गरज नाही. उलट त्याने तोटाच होतो. थंड इंजिनात पेट्रोलची फवारणी जास्त असते आणि न जळलेलं पेट्रोल भिंतीवरचं ऑईल धुऊन काढतं. इंजिन लवकर तापतं ते हलक्या पायाने चालवल्यावर. अनेक गाड्यांत थंडपणाचा निळा दिवा असतो. तो विझेपर्यंत आणि नंतरही चार-पाच किलोमीटर जोर लावू नये, कारण पाणी तापलं तरी ऑईल मागे राहिलेलं असतं. टर्बो गाड्यांत हे आणखी महत्त्वाचं. टर्बोचं चाक मिनिटाला लाखाहून जास्त फेरे घेऊ शकतं आणि त्याचा दांडा ऑईलच्या पातळ थरावर तरंगत असतो. घाट चढून आल्यावर असं इंजिन लगेच बंद न करता मिनिटभर चालू ठेवायचं, तेही याच कारणाने.

सकाळी सायलेन्सरमधून पाणी ठिबकताना पाहून काही नवे मालक घाबरतात. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळपास एक लिटर पाणी वाफेच्या रूपात तयार होतं, आणि थंड नळीत त्या वाफेचे थेंब होतात. त्यात काही बिघाड नाही. गाडी रोज फक्त भाजीबाजारापर्यंत दोन किलोमीटर जात असेल, तर मात्र हीच वाफ ऑईलमध्येही साचत जाते. आठवड्यातून एकदा तरी अर्धा तास गाडी नीट तापेल असं चालवावं. १ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ डिझेल गाड्यांना तर याची जास्तच गरज आहे. त्यांच्या धुराच्या वाटेवरच्या गाळणीत काजळी अडकते आणि ती जाळून टाकायला सुमारे ६०० अंशांची उष्णता लागते. नुसत्या गल्लीबोळातल्या फेऱ्यांत ती मिळत नाही.

ब्रेक आणि टायरही कोरे असतात

सगळ्यांचं लक्ष इंजिनाकडे असतं, म्हणून हे राहून जातं. विजेवरच्या गाडीत तर पिस्टनच नसतो, पण हा भाग तिलाही लागू आहे.

ब्रेक दाबला की पॅड चकतीला चिमटतात. नव्या पॅडचा आणि नव्या चकतीचा पृष्ठभाग सुरुवातीला पूर्णपणे भिडत नाही. शिवाय चांगल्या ब्रेकमध्ये पॅडच्या द्रव्याचा एक अतिशय पातळ थर चकतीवर चढलेला असतो आणि पकड बरीचशी त्यातून येते. हा थर हळूहळू, मध्यम जोराने अनेकदा ब्रेक दाबल्यावरच सारखा बसतो. म्हणून पहिल्या ३०० किलोमीटरांत करकचून ब्रेक लावायची वेळ येऊ नये इतकं अंतर पुढच्या गाडीपासून ठेवावं. वेळ आलीच, तर अर्थातच पूर्ण ताकदीने दाबावा.

टायर साच्यातून सहज सुटावा म्हणून लावलेल्या द्रव्याचा अंश नव्या रबरावर राहतो. तो घासून जाईपर्यंत, म्हणजे साधारण पहिले दोन-तीनशे किलोमीटर, पकड थोडी कमी असते. पावसाळ्यात गाडी घेणाऱ्याने हे विसरू नये. हवा मात्र पहिल्याच दिवशी तपासावी. वाहतुकीत आणि यार्डात उभं राहून टायर बसू नयेत म्हणून गाड्यांत कधीकधी जास्त हवा भरलेली असते आणि ती तशीच ग्राहकाच्या हाती येते. योग्य आकडा ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर असतो आणि तो थंड टायरसाठी असतो. चालवून तापलेल्या टायरची हवा वाढलेली दिसली, तर ती कमी करू नये. कमी हवेचा टायर वेगात सतत दबतो-उमलतो, आतून तापतो आणि फुटतो. समृद्धीसारख्या १२० च्या मर्यादेच्या रस्त्यावर जाण्याआधी या दोन मिनिटांच्या कामाला पर्याय नाही.

घाट उतरताना

उतारावर गाडी न्यूट्रल करून, काही जण तर इंजिन बंद करून, पेट्रोल वाचवतात. ही सवय कार्बुरेटरच्या काळातली आहे आणि आज ती दोन्ही बाजूंनी चुकीची ठरते. आजची गाडी गिअरमध्ये असताना अॅक्सिलरेटर सोडला, की संगणक पेट्रोलची फवारणी जवळपास बंद करतो. चाकंच इंजिन फिरवतात. न्यूट्रल केली की इंजिन चालू ठेवायला पुन्हा पेट्रोल लागतं. म्हणजे बचत गिअरमध्येच जास्त.

सुरक्षेचा मुद्दा याहून गंभीर आहे. न्यूट्रलमध्ये गाडीचा सगळा भार ब्रेकवर येतो. खंबाटकी, ताम्हिणी किंवा आंबोलीच्या लांब उतारावर ब्रेक सतत दाबून ठेवला की चकत्या तापतात, पकड ढिली पडते, ब्रेक ऑईलला उकळी फुटली तर पेडल थेट खाली जातं. इंजिन बंद असेल तर ब्रेकला मिळणारी मदतही दोन-तीन वेळा दाबल्यावर संपते आणि स्टिअरिंग जड होतं. ज्या गिअरमध्ये घाट चढला असता त्याच गिअरमध्ये उतरावा, हा एसटीच्या चालकांचा जुना नियम आजही शंभर टक्के बरोबर आहे.

चौकट: थांबायला किती रस्ता लागतो?

धोका दिसल्यापासून ब्रेक दाबेपर्यंत दीड सेकंद धरला आणि रस्ता कोरडा, टायर चांगले असले, तर हिशेब साधारण असा येतो. ६० च्या वेगाला ४५ मीटर, ८० ला ६९, १०० ला ९७ आणि १२० ला १२९ मीटर. १०० च्या वेगात त्यातले ४२ मीटर नुसते विचार करण्यातच जातात. वेग दुप्पट झाला की ब्रेकचं अंतर चौपट होतं. ओल्या रस्त्यावर हे सगळे आकडे वाढतात.

चालवणाराही नवाच

सप्टेंबर २०२५ मध्ये दिल्लीतल्या एका शोरूमच्या पहिल्या मजल्यावर नव्या गाडीची पूजा झाली. चाकाखाली लिंबू ठेवलेलं होतं. ते चिरडण्यापुरती गाडी पुढे घ्यायची होती, पण अॅक्सिलरेटर जोरात दाबला गेला आणि गाडी काच फोडून खाली रस्त्यावर उलटी पडली. सुदैवाने आतली माणसं वाचली. ही घटना चर्चेत राहिली ती दृश्यामुळे. कारण मात्र अगदी साधं आहे. अनोळखी गाडी, अनोळखी पेडल आणि भोवती गर्दी.

जुन्या गाडीवर घडलेले पायाचे अंदाज नव्या गाडीत चालत नाहीत. क्लच कुठे धरतो, अॅक्सिलरेटर किती हलका आहे, बोनेट कुठे संपतं, डावीकडे किती जागा उरते, हे सगळं शरीराला नव्याने शिकावं लागतं. ऑटोमॅटिक घेणाऱ्याला तर आणखी एक सवय लावावी लागते. डी टाकून ब्रेकवरून पाय उचलला की बहुतेक ऑटोमॅटिक गाड्या अॅक्सिलरेटर न देताच पुढे सरकतात. पार्किंगमधून गाडी काढताना तेवढं सरकणं पुरतं, पाय ब्रेकवरच तयार ठेवावा. दोन्ही पेडलं फक्त उजव्या पायाने चालवायची. डावा पाय क्लच समजून ब्रेकवर पडला तर गाडी जागच्या जागी थांबते आणि मागची येऊन धडकते.

बसण्याची जागा पहिल्याच दिवशी लावून घ्यावी. पाठ टेकवून हात सरळ केला, की मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर टेकलं पाहिजे. छाती आणि स्टिअरिंगमध्ये किमान २५ सेंटिमीटर अंतर हवं. पायाखालच्या मॅटवर दुसरी मॅट टाकू नये, ती सरकून पेडलखाली अडकते. पाण्याची बाटली दाराच्या कप्प्यातच ठेवावी. ड्रायव्हरच्या पायाशी ती घरंगळली, तर ब्रेकखाली जाते.

ब्रेक रुळल्यावर एखाद्या मोकळ्या मैदानात एकदा जोरात ब्रेक दाबून पाहावा. एबीएस काम करू लागलं की पेडल पायाखाली थरथरतं, खडखड आवाज येतो. चाक अडकून घसरू नये म्हणून यंत्रणा सेकंदाला अनेकदा ब्रेक सोडते आणि धरते, त्याची ती थरथर. हे ठाऊक नसलेला माणूस खऱ्या संकटात घाबरून नेमका पाय उचलतो. पाय दाबलेलाच ठेवायचा आणि स्टिअरिंग वळवून वाट काढायची. एबीएस आहे ते त्यासाठी.

एअरबॅग आणि पट्टा

नव्या गाडीवर हौसेने केलेले काही खर्च तिची सुरक्षा कमी करतात. सीटच्या बाजूतून उघडणारी एअरबॅग असेल, तर साधं सीट कव्हर तिची वाट अडवतं. पुढे लावलेला लोखंडी गार्ड धडकेचा जोर चुकीच्या जागी पोचवतो. केंद्र सरकारने २०१७ च्या डिसेंबरातच अशा गार्डवर बंदी घातली आहे. डॅशबोर्डवरचा गणपती बसवताना प्रवाशाच्या बाजूची एअरबॅग लिहिलेली जागा सोडावी. एअरबॅग डोळ्याची पापणी लवायच्या आत उघडते आणि तिच्यासमोरची मूर्ती समोरच्याच्या चेहऱ्यावर फेकली जाते. लहान मूल पुढच्या सीटवर मांडीत घेऊन बसणं याहून धोक्याचं.

आणि पट्टा. एअरबॅग ही पट्ट्याच्या जोडीची यंत्रणा आहे, त्याच्याऐवजीची नाही. ५० च्या वेगाने झालेली धडक म्हणजे १० मीटर उंचीवरून पडणं, आणि हे मागच्या सीटवरच्यालाही तितकंच लागू आहे. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर झालेल्या अपघातात टाटा समूहाचे माजी अध्यक्ष सायरस मिस्त्री यांच्यासह मागच्या सीटवरचे दोघे गेले. त्यांनी पट्टे लावलेले नव्हते. पुढचे दोघे जखमी झाले, पण वाचले. मागच्या सीटवरही पट्टा कायद्याने सक्तीचा आहे आणि न लावल्यास १००० रुपये दंड आहे. मागचे पट्टे कव्हरखाली दडपलेले असतील तर आजच बाहेर काढा, आणि घरातल्या आजी-आजोबांसकट सगळ्यांनी ते लावल्याशिवाय गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकू नका.